चार विती जोतं

आमचं बालपण बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत गेलं. अण्णा गवंडी होते. इमारत पुरी झाली की आमची खोली मोडायची.

घरातला पहिला पदवीधर मी, पण उपनगरातला जुना बंगला पारखायला अण्णांनाच नेलं. शेजारी टॉवर उठले होते, रस्ता वर आला होता. बंगला खड्ड्यात तर गेला नाही ना, एवढीच धास्ती होती.

"शेजार बघा, साहेब!" एजंट म्हणाला.

"शेजार विकतोस व्हय? सरक जरा," म्हणत अण्णा फाटकाशी उकिडवे बसले आणि जोत्याची उंची वितीनं मोजू लागले. "रस्त्याहून चार विती वर हाय. पाणी घरात शिरायचं नाय. घे!"

भोवतालचं सगळं उंचावत असताना आपलं जोतं पुरून उरलंय, हे कळण्यासारखं सुख नाही.

बंगला मी घेतला, अण्णांच्या नावावर.