पायांपासून सुरू झालेलं लग्न

नव्वदचं दशक संपता संपता माझं लग्न झालं. तेव्हा कोल्हापुरात भटजी उशिरा आला तर चालायचं, शूटिंगवाला मात्र वेळेवर लागायचा. आमच्या शूटिंगवाल्याने तरुणपणी एका सिनेमाच्या सेटवर थर्माकोल धरला होता, नटीच्या तोंडावर उजेड पाडायला. तेवढ्या पुण्याईवर तो स्वतःला डायरेक्टर म्हणवून घ्यायचा. आम्हीही म्हणायचो. सिनेमाच्या माणसाला नाही म्हणणं आमच्या गावाला जमत नाही.

लग्नाच्या आधी तो घरी येऊन माझ्या, म्हणजे नवरीच्या, वडिलांना सुरुवातीचं महत्त्व समजावून गेला. बघणारा पहिल्या दोन मिनिटांत धरला पाहिजे, नाहीतर तो हातचा गेला. म्हणून कॅसेट नवरदेवाच्या पायांपासून सुरू होणार. आधी धूर, धुरातून जीप, जीपमधून उतरणारे पाय, मग कमरेची कट्यार, मग फेटा आणि चेहरा सगळ्यात शेवटी. वडील म्हणाले, बघणारे सगळे नातेवाईकच, नवरदेव कोण ते त्यांना माहीत आहे. डायरेक्टरने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"काका, चेहरा आधी दावला की सस्पेन्सच संपला की."

 वडिलांना सस्पेन्स माझ्या सासरच्यांचाच पुरेसा होता.

लग्नाच्या दिवशी कुरुंदवाडहून वऱ्हाड आलं आणि कार्यालयाच्या फाटकातच अडकलं. डायरेक्टरने आचाऱ्याकडून निखाऱ्यांचं घमेलं मागवून त्यात मूठमूठ ऊद टाकला होता. बँडवाले खोकत होते. नवरदेव उतरला, तर उजवा पाय आधी पडला. उजव्या पायाने म्हणे कट्यार झाकली जाते.

"पावणं, परत बसा. डावा टाका."

सासूबाईंनी ठणकावून सांगितलं, शुभकार्यात डावा पाय पुढे पडणार नाही. मग दोन्ही पायांनी एकदम उडी मारायचं ठरलं. त्यात मोजडी निसटली, धूर विरला, जीप परत मागे गेली. असं किती वेळा झालं कोण जाणे. सरकारी नोकरीतला, चारचौघांत कधी आवाज न चढवणारा माझा होणारा नवरा त्या दिवशी जीपमधून उड्या मारत होता आणि त्याचे मामा खालून टाळ्या वाजवत होते.

तेवढ्यात डायरेक्टर माझ्या खोलीत आला. मला मिटलेले डोळे हळूच उघडून दाराकडे बघायचं होतं.

"घोड्याच्या टापा ऐकू आल्यागत बघा, ताई."

जीप तर आधीच्याच शॉटमध्ये दिसणार होती. पण मी बोलले नाही. नवरीने बोलायचं नसतं, आणि नटीने तर त्याहून नाही. मी टापा ऐकल्या.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा कॅसेट त्या उड्यांतच संपलेली होती. दुसरी कॅसेट स्टुडिओत राहिली होती. ती आणायला त्याने कुणाला तरी स्कूटरवरून पिटाळलं आणि स्वतः दिवा पेटता ठेवून रिकामा कॅमेरा खांद्यावर मिरवत राहिला. आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत होतो. अक्षता पडल्या, हार घातले, मंगळसूत्र बांधलं. नवी कॅसेट आली तेव्हा पंगत बसली होती.

हे कळलं महिन्याभराने, कुरुंदवाडला. दिवाणखान्यात भावकी जमली होती. पडदा काळा झाला, नगारा वाजला, धुरातून पाय आले. कुणी पापणी हलवली नाही. फेटा दिसेपर्यंत सासूबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, जणू त्यांचाच मुलगा त्यांना पहिल्यांदा दिसणार होता. मग माझे डोळे उघडले आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर मसालेभात वाढला जाऊ लागला.

सासऱ्यांनी डायरेक्टरला बोलावून घेतलं आणि लग्न कुठे आहे ते विचारलं. तो शांतपणे म्हणाला, अक्षता सगळीकडं सारख्याच पडतात, त्या कोण बघतंय. तरी एवढं वाईट वाटत असेल तर परत शूट करू. सासरे भडकले, पण सासूबाईंना ते पटलं. परसात पाट मांडले, तोच शालू, तेच भटजी. नवऱ्याने मधल्या काळात मिशी काढली होती, तिथे काजळाची ओढली. आणि गळ्यातलं मंगळसूत्र काढायला सासूबाईंनी साफ नकार दिला. सवाष्णीने ते काढायचं नसतं. त्यामुळे कॅसेटमध्ये मी मंगळसूत्र घालून पाटावर बसले आहे आणि माझा नवरा मला दुसरं बांधतो आहे.

डायरेक्टरला मात्र त्या उड्यांनी तारलं. पंचक्रोशीतले नवरदेव पुढे कितीतरी वर्षं गाडीतून दोन्ही पायांनी उतरत होते. दोघांचा तर पाय मुरगळला.

सासूबाई आल्यागेल्याला कॅसेट लावून दाखवायच्या. पाय, कट्यार, फेटा, माझे डोळे. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत त्या उठून बटण बंद करायच्या आणि पाहुण्यांना सांगायच्या, पुढं काय, लग्नच हाय.