रामदासचा डमी मजकूर

आमच्या जुन्या ऑफिसातले आम्ही कुठंही भेटलो, लग्नात की पेट्रोल पंपावर, पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "तो रामदासचा किस्सा सांग ना!" मी म्हणते, "कुठला? एक आहे का!" किस्से साठवायला टाकी लागत नाही, हे एक बरं.

चिकलठाण्यात दोन कारखान्यांच्या मधे आमची वेबसाईट बनवणारी छोटी कंपनी होती. दुष्काळाची वर्षं. शहर चारी बाजूंनी वाढत होतं, ज्याला त्याला वेबसाईट हवी होती आणि नळाला पाणी नव्हतं. साईट आधी 'डेव्ह'वर बनायची, म्हणजे फक्त आम्हालाच दिसणारी कच्ची प्रत. तपासून झाली की 'लाइव्ह' करायची, म्हणजे ती सगळ्या जगाला दिसायची. तपासायचं काम माझं. पण आमच्या कॉलनीत पाणी पाचव्या दिवशी यायचं आणि त्या दिवशी मी हाफ डे टाकून घरी पिंपं भरत असायचे. नेमका त्याच दिवशी आमच्या मालकांना, कुलकर्णी सरांना, लाइव्ह करायचा मुहूर्त सापडायचा!

*

कुलकर्णी सरांच्या घराण्यात भिक्षुकी होती. ती त्यांनी कॉम्प्युटरवर चालवली. राहुकाळात काही म्हणजे काही लाइव्ह करायचं नाही, आणि आधी नारळ फोडायचा.

एकदा नारळ फोडून सर पाणी शिंपडणार, तेवढ्यात आमचा डेव्हलपर रामदास वाटी घेऊन पुढे! "सर, टँकर चार दिस आला नाय. वाया कशाला घालवता?" आणि घटाघटा पिऊन टाकलं.

साईट तरीही नीट चालली. त्यानंतर सर नारळ हातात घेण्याआधी रामदासला चहा पाजायचे.

*

रामदास पिशोरचा, घरची शेती. त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं आणि नकारावर नकार येत होते. "पोरगा कम्प्युटरवर नेमकं करतो काय?" याचं उत्तर त्याच्या वडिलांना देता यायचं नाही. खरं तर ते आम्हालाही नीट देता आलं नसतं.

कारण रामदासची एक खोड होती. गिऱ्हाइकाचा मजकूर येईपर्यंत साईटवरच्या रिकाम्या जागी काहीतरी निरर्थक 'डमी' मजकूर भरून ठेवतात. सगळं जग ठेवतं. रामदास मात्र मनात येईल ते लिहायचा!

एका शाळेच्या साईटवर सूचनेच्या चौकटीत त्याने लिहिलं, 'उद्या शाळेला सुट्टी.' मी विचारलं तर म्हणे, "ताई, शाळेची सूचना म्हटलं की मला येवढीच आठवती."

अर्थात हे मी नंतर विचारलं. लाइव्ह झालं तेव्हा मी पिंपं भरत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तर सगळे हजर आणि पोरं गायब! मुख्याध्यापिका फोनवर सरांना अर्धा तास बोलल्या. तासाभराने त्यांचा पुन्हा फोन. "आमची टाकी तशीही कोरडीच होती. पुढच्या वेळी सुट्टी टाकलीत तर शनिवारची टाका. रविवार जोडून येतो."

*

मग जालना रोडवरचा बिल्डर. त्याच्या जाहिरातीत होतं, 'चोवीस तास पाणी.' रामदासने डेव्हवर लिहिलं, 'पाणी नाही. बोअर मारला, धूळ निघाली. टँकर येतो, आला तर. हवा मात्र चांगली आहे.'

पाण्याचा दिवस. पुढचं काय सांगू!

सकाळी शेठ दारात. "ये क्या छाप दिया यार! धंदा बंद करूं क्या?" सर घामाघूम. रामदास शांतपणे म्हणाला, "खोटं लिव्हायला बोटं चालत नाय, शेठ."

तेवढ्यात शेठचा मोबाईल वाजला. लगेच पुन्हा वाजला. लोक विचारत होते, खरं सांगणारे बिल्डर तुम्हीच का, फ्लॅट बघायला कधी येऊ?

शेठ खुर्चीत बसले. मग म्हणाले, "वो हवावाली लाइन थोडी बड़ी करो."

*

चौथा नकार आला त्या दिवशी रामदासने डबाच उघडला नाही. मला फार वाईट वाटलं. सरांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी आमच्याच कंपनीची साईट नवी करायला घेतली. त्यात 'आमची टीम' हे पान आणि रामदासचा टाय घातलेला फोटो. दौलताबादकडचं स्थळ आलं होतं. मुलीचे वडील म्हणाले होते, आधी साईट बघतो, मग ऑफिसात येतो. सरांनी रामदाससाठी स्वतः झकास परिच्छेद लिहून दिला. साईट मुहूर्तावर लाइव्ह झाली.

दोन दिवसांनी पाहुणे खाली रिक्षातून उतरत होते, तेव्हा सरांनी ते पान उघडलं. टायवाल्या फोटोखाली सरांचा परिच्छेद नव्हताच. तिथं होतं:

'रामदास, पिशोर. भाड्यानं राहतो. पाणी पाचव्या दिवशी येतं, तिसऱ्या मजल्यावर चढवावं लागतं. लग्न झालं तर हंडे मीच चढवीन, तिला चढवू देणार नाय.'

"तू तपासलं नाहीस?" सर माझ्यावर ओरडले.

"पाण्याचा दिवस होता, सर," मी म्हणाले. खरं तर पाणी लाइव्हच्या आदल्या दिवशीच येऊन गेलं होतं.

पाहुणे बसले. चहा आला. वडील म्हणाले, "आम्ही वाचलं समदं." रामदास मान खाली घालून कीबोर्डकडे बघत होता. मुलगीही सोबत आली होती, ती एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिने कप खाली ठेवला आणि सरळ त्यालाच विचारलं, "ते हंड्यांचं नुसतं टेस्टिंगला लिव्हलंय, का खरंच लाइव्ह करणार?"

रामदास ताडकन उठला. "आत्ता करतो!"

"थांब!" सरांनी घड्याळ बघितलं. "राहुकाळ आहे. अजून वीस मिनिटं."

मुलीच्या वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली.

"बसतो की मग."