चेहरा सोडून सगळं

निवृत्तीनंतर माणसं एक तर भजनात रमतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. मला दोन्ही जमेना, म्हणून कॅमेरा घेतला आणि चंद्रपुरात एका स्टुडिओवालीकडे शिकायला जाऊ लागलो. ती माझ्या मुलीच्या वयाची. मी काढलेले पळसफुलांचे फोटो बघून ती पोट धरून हसली. प्रत्येक फुलाशेजारी आगपेटी होती.

"काका, फुलाचा पंचनामा करून राह्यले का तुम्ही?"

तिचं काय चुकलं? वनपाल म्हणून मी उभ्या नोकरीत पंचनाम्याचेच फोटो काढले. वाघाच्या पायाचे ठसे, तोडलेला साग, मारलेली गाय. मापाचा अंदाज यावा म्हणून शेजारी आगपेटी ठेवायची, ती सवय हातात बसली.

दुसरी खोडही तिनेच पकडली. "माणसाचे फोटो काऊन नाई काढत?"

माणसं हलतात, असं मी सांगून टाकलं. साफ खोटं. आजवर मी एकाच माणसाचे फोटो काढले आणि तो अजिबात हलत नव्हता.

मोहर्लीकडच्या एका गावातला तो. मोहाचे दिवस होते. पहाटे फुलं वेचायला जाताना तो मला नाक्यावर भेटला. "भाऊ, जाऊ का आज?" म्हणाला. दोन दिवसांपूर्वी त्या बाजूला वाघीण दिसल्याचं मला ठाऊक होतं. पण मला चहाची तलफ आली होती, थांबून बोलायचा कंटाळा आला. "जा, पण लवकर ये," म्हटलं आणि टपरीकडे वळलो.

दुपार कलता कलता मी कॅमेरा घेऊन त्याच्यापाशी उभा होतो. जखमा काढल्या, टोपली काढली, सांडलेली फुलं काढली. वाघिणीने चेहऱ्याला धक्का लावला नव्हता, पण मला तो बघवेना. वरून दुपट्टा टाकायला लावला. ओळख पटवायला अख्खं गाव होतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. तेव्हापासून डोळा कॅमेऱ्याला लावला आणि समोर कुणी माणूस आला, की तो गेलेला कानाशी विचारतो, जाऊ का? मला भीती वाटते. अजूनही वाटते.

गेल्या हिवाळ्यात त्याची बायको घरी आली. मी फोटो शिकतोय हे तिने बाजारात ऐकलं होतं.

"भाऊ, तुमी त्या दिवशी त्याचा फोटो काढला होता न? घरी एकबी नाई. आधारवरचा काळा आला, तो कोणाचाबी वाटते. पोरीचं लगन आहे. भिंतीवर बाप पाहिजे."

कॅमेऱ्याचं जुनं मेमरी कार्ड हरवलं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"चेहरा नाही काढला, बाई."

"काऊन?"

मी सांगितलं. पहाट, नाका, चहा, सगळं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "मले माहीत आहे. घरून निघताना म्हणाला होता, भाऊले विचारतो अन् जातो. तुमी नाई म्हटलं असतं तर वापस आला असता."

इतकी वर्षं ती बाजारात भेटायची, माझ्या पोरांची चौकशी करायची. मला मान वर करवेना.

"आता दाखवा," ती म्हणाली.

कॉम्प्युटरवर तिने एकेक फोटो पाहिला. जखमांवरून ती घाईने पुढे गेली नाही. एका फोटोवर थांबली. त्याचा हात, अर्धी उघडी मूठ, मुठीत मोहाची दोन फुलं आणि शेजारी माझी आगपेटी.

"हा द्या. ती माचिस काढता येईन का?"

ते मी शिकलो होतो. आगपेटी कापली. फोटो मोठा केला, तेव्हा पहिल्यांदाच दिसलं की मनगटावर माझी सावली पडली आहे. कॅमेरा धरलेले हातसुद्धा त्यात ओळखू येत होते. ती कापायची तर त्याचा हात कापावा लागणार होता. मी तिला तसं सांगितलं.

तिने पडद्यावर त्या सावलीवरून बोट फिरवलं. "तुमचीच न? राहू द्या."

लग्नाला मला बोलावलं होतं. गेलो. भिंतीवर चौकटीत तो हात होता, त्याला झेंडूचा हार घातला होता. नवरा-नवरी त्याच्यापुढे वाकली. मनगटावर मी होतो.