उलट्या आट्यांचा नट

मुलुंडच्या औद्योगिक वसाहतीत नंदकुमार परबच्या हाताला सगळे दबून असत. गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेल्या बापाचा हा मुलगा लेथवर मोठा झाला आणि मारामाऱ्यांवर पोसला. भाड्यावरून उलट बोलणाऱ्या टेम्पोवाल्याचा त्याने दात पाडला होता. वजनात मारणाऱ्या भंगारवाल्याला मानगुटीला धरून त्याच्याच काट्यावर बसवलं होतं. कोणी समजवायला गेलं की रागात त्याची मालवणी बाहेर पडायची, "ऐकून घेवक मी काय देवळातलो दगड आसंय?"

पण हात नुसता मारण्यापुरता नव्हता. विजेवर फिरणारी नारळाची खवणी त्याने स्वतः डोकं लढवून बनवली आणि ती ऑनलाइन बाजारात अशी चालली, की बायको सुगंधा दिवसभर खोकी बांधायची आणि तरी पुरी पडायची नाही. त्या बाजाराने विक्रेत्यांना विमा सक्तीचा केला, तेव्हा ओळखीचा एजंट सर्वेश पॉलिसी घेऊन आला. "काका, तुमच्या मालाने कोणाला इजा झाली तर भरपाई कंपनी देईल."

"नारळ खवून कोण मरता रे?" नंदकुमार हसला आणि सही केली.

गणपती तोंडावर आले. कोकणी माणसाच्या घरात खोबऱ्याचे डोंगर लागायचे दिवस, त्यामुळे खवणीला मरणाची मागणी. खवणीचं दातेरी डोकं दांड्यावर बसवायला उलट्या आट्यांचा नट लागतो. डोकं फिरेल तसा तो आवळत जातो. साधा नट लावला तर तो फिरता फिरता सैल होतो. ऐन हंगामात उलटे नट संपले आणि माल उशिरा गेला तर तो ऑनलाइन बाजार दुकान यादीत खाली ढकलतो. नंदकुमारने शेवटच्या खेपेला साधे नट लावले, वर गोंदाचे थेंब सोडले आणि बाप्पावर हवाला ठेवला. बाप्पाला दुसरी कामं नसतात जणू!

बोरीवलीच्या माधुरी राणेने त्याच खेपेतली खवणी घेतली होती. ती ऑर्डरचे मोदक करायची. चतुर्थीच्या आदल्या दिवशी फिरतं डोकं दांड्यावरून सुटलं आणि तिच्या उजव्या हातावर आलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट खोबऱ्याच्या ढिगात पडलं. पांढरं खोबरं लाल झालं. ती किंचाळली तेव्हाही मोटर चालूच होती.

तिचा भाऊ विकी याचा फोन आला आणि नंदकुमारला ऐकतानाच तो नट डोळ्यासमोर दिसला. त्याने चपला घातल्या. बातमी कळून धावत आलेला सर्वेश दारात आडवा आला.

"काका, जाऊ नका. 'माझी चूक' एवढं बोललात तर कंपनी हात वर करील. अटच आहे तशी."

"पण चूक माझीच आसा."

"असू दे ना. चुकीचीच तर भरपाई मिळते! फक्त ती आपण कबूल करायची नाही. कंपनीचा माणूस येईल, तो शोधेल, मग पैसे तिला."

काय हा न्याय! चूक असली तरच पैसे, आणि चूक म्हटली तर पैसे नाहीत. असल्या अटी लिहिणाऱ्यांना एकदा त्या खोबऱ्याच्या ढिगासमोर उभं करायला हवं. पण लेथ विकूनही माधुरीचा हात भरून निघाला नसता, हे नंदकुमारला कळत होतं. त्याने चपला काढल्या. त्या खेपेच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून खवण्या परत मागवल्या, आणि बोरीवलीच्या फोनवर मात्र तोंड शिवलं.

विसर्जनानंतर विकी गाळ्यात आला. सोबत दोन दोस्त. दोस्तांनी आधी रचलेली खोकी लाथांनी उडवली, मग मोटरी उचलून भिंतीवर आपटल्या. सुगंधा मध्ये पडली, तिला ढकललं, तिचं कपाळ कपाटाच्या कडेवर आपटलं. नंदकुमारच्या हातात पाना होता. एका फटक्यात विकी आडवा झाला असता, आणि जन्मभर त्याने असंच केलं होतं. त्याने पाना खाली ठेवला.

"माझी बहीण रोज विचारते, तो माणूस एकदा तरी काही बोलला का," विकी त्याची कॉलर धरून ओरडला. "पैसे नको मला! बोल, चूक झाली म्हणून! एकदा बोल!"

नंदकुमारने ओठ आवळले. विकीने थोबाडात मारली. मग पोटात. गुडघ्यावर बसल्यावर तोंडावर लाथ.

"अहो, बोला काहीतरी! मारतील ते तुम्हाला!" सुगंधा कपाळ धरून रडत होती.

जीभ दाताखाली धरून तो गप्प राहिला. तोंडातलं रक्त त्याने गिळलं. तो गप्पपणा विकीला मस्ती वाटला आणि त्याचं डोकं फिरलं. त्याने खवणीचं लोखंडी बूड उचललं आणि दोन्ही हातांनी घातलं. डाव्या डोळ्यावर बसलं.

डोळा गेला. हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. तक्रार नाही, असं नंदकुमार सांगत राहिला, पण डोळा फुटलेल्या माणसाचं कोण ऐकतो? विकी आत गेला, नोकरीही गेली. इकडे कंपनीचा माणूस आला, त्याने मोडकी खवणी पाहिली, नट चुकीचा असल्याचं शोधून काढलं, आणि शिमग्याच्या सुमारास माधुरीच्या खात्यात भरपाई जमा झाली.

त्याच दिवशी नंदकुमार बोरीवलीला गेला. दार माधुरीनेच उघडलं.

"ताई, चूक माझी. नट चुकीचा लावला, माहीत असून लावला. त्या दिवशी बोललो असतो तर तुम्हाला पैसे मिळाले नसते, म्हणून..."

"विकीला पैसे नको होते," ती म्हणाली. "एवढंच ऐकायला आला होता तो. हेच त्या दिवशी बोलला असतात तर माझा भाऊ आज घरात असता, आणि तुमचा डोळाही."

तिचा हात उठला आणि कानशिलात बसला. जन्मात कोणाचा हात अंगाला लागला की दुप्पट परत करणारा नंदकुमार मान खाली घालून उभा राहिला. दुसरी बसेल म्हणून वाट पाहत होता. तिने दार लावून घेतलं.

घरी आला तेव्हा गाल सुजला होता. कोणी मारलं, हे सुगंधाने विचारलं नाही. गालावर तीनच बोटं उमटली होती.