गाणं संपेपर्यंत

शेवगावच्या तंबू टॉकीजचा डोअरकीपर गाणं लागलं की कनात वर करी. माणसं बिडी ओढायला बाहेर जात आणि गाणं संपताच तो हाक मारी. ती कधी चुकली नव्हती.

एकदा रशियन ऑपेराचा सिनेमा आला. पहिल्याच मिनिटाला गाणं लागलं आणि तंबू रिकामा झाला. आत मी एकटा, आणि कनातीपाशी कान देऊन उभा तो.

तीन तासांनी खेळ सुटला तेव्हा माणसं त्याच्यावर धावून आली.

"आरं, हाक का न्हाई मारली?"

"गानं संपलंच न्हाई. भाऊसाहेब, तुमी सांगा, राजा मरतानाबी गातच हुता ना?"

"गात होता," मी म्हणालो.

गावाने आम्हा दोघांनाही खोटं ठरवलं.