करापुरता जावई

कल्याणच्या खाडीकडे दामाजी पाटलाचं दुमजली घर आहे. खाली दामाजी आणि गोदाबाई राहतात. वरची खोली ऋतुराजला भाड्याने दिलेली. तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामाला आहे. दामाजी तसा दिलदार. हळदीला बोलावलं नाही तरी आहेर पाठवणारा. फक्त पालिकेला पैसे द्यायचे म्हटलं की त्याचा हात खिशातून बाहेर निघत नाही.

घरापुढचं गटार तुंबलं म्हणून तो सारखा वॉर्ड ऑफिसात जाऊन भांडायचा. एकदा कर विभागाच्या मेघना मॅडम म्हणाल्या, "काका, गटाराला पैसा घरपट्टीतूनच येतो. मालक स्वतः राहिला तर पट्टी कमी, खोली भाड्याने दिली तर जास्त. पण तुमच्या आळीत भाडेकरूच नाहीत म्हणे. सगळे पाहुणे!"

आणि त्याच आठवड्यात मॅडम पाहणीला दारात. नेमका ऋतुराज टॉवेल गुंडाळून दात घासत जिना उतरत होता.

"हे कोण?"

भाचा म्हणावं, तर शेजारच्या काळुरामने आताच तीन भाचे सांगून टाकलेले. दामाजीच्या तोंडून निघून गेलं, "जावय हाय आमचा!"

ऋतुराजच्या तोंडातला फेस छातीवर आला. दामाजीला दोन मुलगे. मुलगी नाहीच.

"अरे वा! मुलगी कुठे आहे?"

गोदाबाई नवऱ्याच्या मदतीला धावल्या. "ती ना? माहेरी गेलीय."

मॅडमनी घराकडे पाहिलं, मग गोदाबाईंकडे. "म्हणजे इथेच ना?"

गोदाबाई चहा आणायला आत पळाल्या. मॅडमनी चहा संपवला आणि उठता उठता म्हणाल्या, "अधिक महिना चाललाय. जावयाला अनारसे दिलेत ना? नंतर येऊन नोंद पक्की करते."

आता सगळ्या आळीने ऐकलं होतं. गोदाबाईंनी अनारशांसाठी तांदूळ भिजत घातले.

"अगं, तो भाडेकरू हाय!" दामाजी कळवळला.

"हळू बोला! जावय म्हणाला तुम्ही. मी का लोकांत नाक कापून घेऊ?"

ताटभर अनारसे, वर शर्टाचं कापड आणि दिवा, असं सगळं वर गेलं.

एक तारखेला दामाजी भाडं मागायला जिना चढला. ऋतुराज अनारसा खात होता.

"मामंजी, जावयाकडून भाडं?"

"अरे, ते मॅडमपुरतं रे!"

"मग मॅडमना सांगू का तसं? आणि पंखा कुरकुरतो, तेवढा बदला. दिवाळसणाचं नंतर बघू."

दिवाळसण ऐकल्यावर दामाजी चहाही न घेता वॉर्ड ऑफिसात पोचला.

"मॅडम, तो जावय काढा. भाडेकरू लिहा."

"आणि मुलगी?"

"ती झालीच नाय."

मॅडमनी हसू दाबत नोंद बदलली. पट्टी वाढली. दामाजीने कपाळाचा घाम पुसला, दारापर्यंत गेला आणि गर्रकन मागे फिरला.

"आता काळूकडं कधी जाता? त्याला बहीणच नाय, भाचे आले कुठून? गटार काय एकट्या माझ्या पैशानं साफ होणार?"