करवलीचा मान

चिंचपोकळीला आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर ती राहते. माझ्या लेकीची जिवलग मैत्रीण. दर वाक्याला "टेन्शन नको काकू" म्हणणार आणि म्हणता म्हणता काम उरकून मोकळी होणार. लेकीच्या लग्नात करवली हीच, हे दोघींनी शाळेतच ठरवलेलं.

दादरच्या हॉलमध्ये ती कऱ्हा घेऊन नवरीमागे उभी राहिली, तोच मुलाची आत्या म्हणाली, "अगो बाय, हिचा घटस्फोट झालाय ना? करवली कुमारिकाच हवी."

लेकीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझा एक शब्द पुरला असता हो, पण व्याही दुखावतील म्हणून मी गप्प बसले. मग हिनंच कऱ्हा माझ्या भाचीच्या हातात दिला आणि हळूच सांगितलं, "कोपर पोटाशी टेकव, म्हणजे हात भरून येत नाही."

लेक अजून माझ्याशी तुटक बोलते. ही मात्र जिन्यात भेटली की माझ्या हातातली पिशवी काढून घेते, दारापर्यंत आणून देते, गुडघ्यांची चौकशी करते. एकदा तरी भांडली असती, तर मला माफी मागता आली असती.